रूथचं गाणं: घाटकोपर, मालाड, मरोळ

अविगाईल, दानिएल, बाळांनो,

मी मुलुंडला घरी परत आले आहे. गुडघे अजून जागेवर आहेत आणि हात रिकामे नाहीत. एवढं वाचून तुमचा जीव भांड्यात पडू द्या आणि मग पुढचं निवांत वाचा. दानिएल, मराठी अडली तर ताईला विचार. आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हा प्रवास सगळा मराठीत झाला. तो मराठीतच सांगता येईल.

आत्ताच का लिहायला बसले, तेही सांगते. गेल्या महिन्यात परदेशातून फोनवर तुम्ही दोघांनी मला कामाला लावलंत. अविगाईलला तिच्या मेंदीला रूथचं गाणं हवं होतं. तुमची पणजी अविगाईलच्या पाळण्यापाशी बसून जे गुणगुणायची, ज्यात रूथ शेतात भात वेचते, ते. आणि मागून दानिएल ओरडला, "आजी, भात कुठून आला? धर्मग्रंथात जव आहे! आणि आमचे सर सांगतात, त्यातली पुस्तकं एका माणसाने लिहिलेलीच नाहीत. खूप जणांनी सांगितली, खूप जणांनी जोडली, मग कोणीतरी एकत्र केली. मग त्यातलं खरं कुठलं?"

दानिएलचं उत्तर मला पुस्तकातून देता आलं असतं. अविगाईलचं मात्र माझ्याकडे नव्हतं. पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पूर्वी मेंदीला हे गाणं गात. पण मी सून म्हणून आले तोवर पणजोबा वारले होते, आणि विधवेने मेंदीला गाऊ नये असं तेव्हा आपल्या यहुदी लोकांतही मानत. कोकणातल्या शेजाऱ्यांकडून आपण जे काही उचललं त्यातलीच ती एक रीत. त्यामुळे मी ते गाणं सलग कधी ऐकलं नाही. मासे साफ करताना, कपडे वाळत घालताना त्यांच्या तोंडून तुकडे ऐकले, तेवढेच.

शिवाय पणजीचा एक नियम होता. रूथचं गाणं मेंदीत अर्धं सोडायचं नाही. नवरीची मेंदी सुकायच्या आत ते पुरं व्हायला हवं, तशी खात्री नसेल तर सुरूच करू नये. रूथला परक्या गावात, खळ्यावर, अंधारात तशीच सोडून बायका जेवायला उठल्या तर तो अपशकुन. म्हणजे गाणं शेवटापर्यंत मिळालं तरच अविगाईलला मिळणार होतं. लग्न दीड महिन्यावर आलेलं. मी निघाले.

सोबत मिल्का होती. मिल्काआजी तुम्हाला आठवते ना? माझी नणंद, पणजीची धाकटी मुलगी. ज्या बाईची आई ते गाणं गायची तिलाच ते येत नाही, हे मला आधी खरंच वाटेना.

"अगं मिल्का, तुझीच आई ना ती?"

"म्हणून तर! रोज गायची. रोजचं कोण लक्षात ठेवतं, वहिनी? आई जाणार आहे असं कुठे वाटलं होतं?"

दानिएल, तुझ्या सरांनी सांगितलेल्या गोष्टीची सुरुवात इथेच आहे. सांगणारा समोर असतो तोवर लिहायची घाई कोणाला नसते. आपल्या पूर्वजांनीही पिढ्यान्पिढ्या या गोष्टी विहिरीवर, शेकोटीपाशी, सणाच्या जेवणावर सांगितल्या. काही लिहिल्याही असतील, इथे थोड्या, तिथे थोड्या. पण अभ्यासक म्हणतात, त्या गोळा करून, नीट लावून, सांधून ठेवण्याचं मोठं काम झालं ते यरुशलेम पडल्यावर, माणसं बाबेलला कैद करून नेली गेल्यावर. घर गेलं, तेव्हा घरातलं आठवायला बसले.

घाटकोपर, सोमवार

पहिला मुक्काम हन्नाताईंकडे. हन्नाताई आणि मालाडची एस्तेर या पणजीच्या भाच्या, सख्ख्या बहिणी. हन्नाताई नव्वदीच्या घरात आहेत. दिसत जवळजवळ नाहीच, पण आवाज अजून असा की खालचा वॉचमन वर बघतो.

घाटकोपरला त्यांच्या बिल्डिंगमध्ये आपल्याखेरीज सगळी गुजराती कुटुंबं. जिन्यात फोडणीचा आणि उदबत्तीचा वास एकत्र येतो. दाराच्या चौकटीला आपला मेझुझा, वचनाची डबी, आहे, आणि समोरच्या काकी येताजाता त्यालाही हात लावून नमस्कार करतात. चहाबरोबर त्यांनीच पाठवलेला खमण होता.

"मासा?" मिल्काने कुजबुजत विचारलं.

"मासा शिजवला तर सोसायटीची मीटिंग लागते," हन्नाताई खणखणीत म्हणाल्या. "मरताना मला मुलुंडला न्या. पापलेट खाऊन मरेन."

मी दानिएलचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. रूथने जव वेचला की भात?

"जव? अलिबागकडे जव कोणी पाहिलाय? भात कापतात, मागून गरीब बाई लोंब्या वेचते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्या पोराला सांग, तुझी रूथ जव वेचेल, आमची भात वेचते. भूक तीच."

तुम्हाला माहीत आहे की आपल्या पूर्वजांचं गलबत नवगावापाशी फुटलं, आणि पोथ्या, ग्रंथ सगळं समुद्रात गेलं असं आपल्यात सांगतात. तोंडात राहिली ती शेमा ही एक प्रार्थना. जन्माला, लग्नाला, मरणाला आपण तेवढंच म्हणत आलो. पुढे फार काळाने कोचीनहून शिकवणारे आले, मग मिशनऱ्यांनी मराठीत छापलेली पुस्तकं आली, आणि आपल्याच गोष्टी आपल्याला परत ऐकायला मिळाल्या. बायकांनी त्या ऐकल्या आणि ओव्यांत घातल्या. ओवीत घालताना मवाब, बेथलेहेम तसंच राहिलं, पण शेत मात्र अलिबागचं झालं.

हन्नाताईंनी डोळे मिटून सुरुवात केली.

*मवाबाच्या वाटेवरी नामी वळून वळून पाही*
*एक सून माहेराला, एक पदर सोडत नाही*

*बवाजाच्या शेतामंदी भात कापिती गडी*
*मागं रूथ वेची लोंब्या, ओच्यात भरी थोडी थोडी*

गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी मेंदीला येणाऱ्या तुमच्या मित्रमैत्रिणींसाठी दोन ओळींत: परदेशात नवरा आणि मुलगे गमावलेली नामी गावी परत निघते. थोरली सून अर्पा माहेरी जाते, धाकटी रूथ सासूला सोडत नाही. ती बवाजाच्या शेतात वेचायला जाते आणि शेवटी त्याच्याशी लग्न करते. हन्नाताई खळ्यापर्यंत आल्या,

*खळ्यावरी रास भाताची, वर चांदणं पडलं*
*रूथ आली पायांपाशी, धन्याचं डोळं उघडलं*

आणि थांबल्या.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे मला काय माहीत? इथे आलं की म्हाताऱ्या आम्हाला हाकलायच्या. कुमारिकांनी खळ्यावरचं ऐकायचं नाही!"

"हो हो!" मिल्का टाळी देत ओरडली. "पोरींनो, पोहे भिजवा गं! प्रत्येक मेंदीला! मला वाटायचं आपल्यात मध्येच सगळ्यांना भूक लागते."

हसून हसून हन्नाताईंना ठसका लागला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लग्न झालं आणि मी अहमदाबादेला गेले. परत आले तोवर मावशी गायची थांबली होती, आणि मेंदीला बँड लागला होता."

माझं हसू थांबलं, कारण आमच्या पिढीतल्या सगळ्याच मुलींनी पोहे भिजवले होते, म्हणजे शेवट कोणीच ऐकलेला नसणार.

"आता मालाडला एस्तेरकडे जाते," मी उठत म्हटलं.

हन्नाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "जा. पण तिच्याकडचं गाणं घेऊ नकोस. बाटवलंय तिने. मावशीने मला काय शिकवलं? *थोरली गेली पाठ फिरवून, तिचं नाव घेऊ नका.* आणि ती काय म्हणते? *थोरली गेली डोळे पुसत, तिला बोल लावू नका.* स्वतः सासर सोडून आली ना, मग गाणं आपल्या सोयीचं करून घेतलं. सासर सोडलं ते सोडलं, मी काही बोलले नाही. पण मावशीचं गाणं?"

या एका ओळीवरून दोघी बहिणी कित्येक वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. नातेवाइकांच्या लग्नांत दोघींची पानं दोन टोकांना मांडावी लागतात. तुमच्या बाबाला विचारा, त्याने लहानपणी दोन्ही टोकांना जेवून दोन्हीकडची जिलबी मिळवलेली आहे.

घरी येऊन फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं, तर हन्नाताईंपेक्षा शेजारच्या कुकरच्या शिट्या जास्त. खळ्यावरती चांदणं पडलं आणि लगेच शिट्टी झाली. नशीब, मी कागदावरही उतरवलं होतं.

मालाड, बुधवार

मालाडच्या बाजारात मिल्काच्या चपलेचा अंगठा तुटला. ती तशीच एक पाय फरफटत भाजीवालीशी भाव करत राहिली, आणि मग हातगाडीवरून गुलाबी प्लॅस्टिकची चप्पल घेतली. एस्तेरच्या दारात पोचलो तर एस्तेरने पहिल्यांदा चपलेकडेच पाहिलं. "हे काय घातलंयस? आत ये, आत ये, कोणी बघेल!"

एस्तेर माझ्या वयाची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, स्वतःच्या पगारावर ही खोली घेतली, एकटी राहते. घर आरशासारखं. तिने घावने आणि गूळ घातलेला नारळाचा रस पुढे ठेवला. तुमच्याकडे जेवणात मटण असलं की नंतर दुधाचं गोड चालत नाही म्हणून काय करायचं असा तुमच्या आईला प्रश्न पडतो. आपल्याकडे तो कधी पडलाच नाही, नारळ होता.

"हन्नाने काय सांगितलं ते मला पाठ आहे," एस्तेर म्हणाली. "बाटवलं. सोय केली. हो ना?"

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू?

"मी नाही बदललं. मावशीने बदललं."

मग तिने सांगितलं. सासरी तिला मारत असत. ती निघून आली तेव्हा आईवडील नव्हते आणि हन्नाताई अहमदाबादेत. मावशीने, म्हणजे तुमच्या पणजीने, तिला मरोळच्या आपल्या जुन्या घरात घेतलं. पणजोबा नुकतेच गेले होते. त्याच सुमारास शेजारच्या फिलोमिनाचं लग्न ठरलं. मरोळ गावठाणातलं ख्रिस्ती मराठी कुटुंब, भिंतीला भिंत लागून. त्यांच्यात लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात, त्याला ते उंबराचं पाणी म्हणतात. पणजी त्या बायकांबरोबर विहिरीवर गेली, आणि फिलोमिना म्हणाली, मावशी, तुझं ते रूथचं म्हण की.

"आपल्या मेंदीत तिला कोणी म्हणू दिलं नसतं," एस्तेर म्हणाली. "तिथे कोणी अडवलं नाही. मावशी उभी राहिली. मी मागे, सगळ्यांच्या मागे. ती ओळ आली. मला ती पाठ होती, मी मान खाली घातली. आणि मावशीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, *थोरली गेली डोळे पुसत, तिला बोल लावू नका.* तिथल्या तिथे. पुढच्या श्वासाला."

मिल्काने हातातला घावन खाली ठेवला.

"मग पुढचं गाणं ऐकलंस का गं?" मी विचारलं.

"काय ऐकणार? मी विहिरीमागे जाऊन रडत होते. *नामीचिया मांडीवरी* एवढं कानावर आलं, आणि *सात लेकांहून* असं काहीतरी. बस."

इथेही शेवट नव्हता. मग मिल्काच म्हणाली, "पण ज्या नवरीसाठी म्हटलं ती? फिलू? ती आहे का अजून?"

आम्ही मरोळ सोडून मुलुंडला आलो त्याला उभं आयुष्य झालं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

दानिएल, परतताना मी तुझाच विचार करत होते. मला सवय आहे, दोन उत्तरं आली की एकावर बरोबरची खूण करायची. पण उत्पत्तीचं पहिलं पान उघड. पहिल्या अध्यायात झाडं होतात, प्राणी होतात आणि शेवटी स्त्री-पुरुष एकदमच होतात. दुसऱ्यात माणूस आधी, मग बाग, मग प्राणी आणि बाई सगळ्यांत शेवटी. नोहाच्या नावेत एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची जोडी, आणि दुसऱ्या ठिकाणी शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. ज्यांनी ही पुस्तकं एकत्र केली ते काही आंधळे नव्हते. त्यांनाही ते दिसलंच असेल. उत्तरेकडच्या माणसांची गोष्ट, दक्षिणेकडच्या माणसांची गोष्ट, पुरोहितांची एक, आणि प्रत्येक गोष्टीमागे ती जपून आणलेली माणसं. त्यांतल्या कोणाला सांगायचं की तुझी टाकून दे?

मरोळ, गुरुवार

मेट्रोतून उतरल्यावर पहिल्यांदा मी चुकले. सगळीकडे काचेच्या कंपन्या, हॉटेलं. मिल्का मात्र गुलाबी चप्पल वाजवत सरळ चालली आणि एका बोळात वळली, आणि बोळात एकदम गाव. चौथऱ्यावर पांढरा क्रूस, त्याला ताज्या झेंडूची माळ, बुटकी कौलारू घरं आणि ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या.

ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती. आम्हाला बघून तिने चष्मा वर केला.

"मिल्का? अगो मिल्का! जिवंत हाय काय तू?"

"तू आहेस का ते बघायला आलेय!" मिल्का म्हणाली, आणि दोघी लहान मुलींसारख्या एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या. फिलोमिनाच होती. बरी होती, बोलत होती.

तिने आम्हाला जेवल्याशिवाय गाऊन दाखवायला साफ नकार दिला. मी संकोचले, कारण आपलं खाणं तुम्हाला माहीत आहे. तिने हात उडवला. "मला काय शिकवते गो? डुकराचं नाय, कोलंबी नाय, दुधात मटण नाय. तुजी सासू इथं जेवायची ती वेगल्या तव्यावर. तवा हाय अजून." आणि खरंच, भिंतीवर खिळ्याला एक तवा वेगळा टांगलेला होता. त्यावर तिने रावस भाजला, वर तिचा बाटलीतला मसाला. एवढ्या वर्षांत तिने त्या तव्यावर दुसरं काही केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिचा तवा हाय ना."

जेवण झाल्यावर पदर खोचून फिलोमिना गायला लागली. अर्ध्या ओव्यांत तिची बोली मिसळलेली. थोरल्या सुनेपाशी आली आणि म्हणाली, *थोरली गेली डोळे पुसत.* मी मिल्काकडे बघितलं. एस्तेर खरं बोलली होती.

खळं आलं. चांदणं पडलं. फिलोमिना थांबली नाही.

*वेशीमंदी पंच बसले, वहाण दिली हाती*
*बवाज म्हणे, रूथ माझी, तुम्ही साक्षी, तुम्ही साथी*

*नामीचिया मांडीवरी बाळ खेळे रूथबाईचं*
*सात लेकांहून मोल एका परक्या सुनेचं*

*ओबेदाचा इशाय झाला, इशायाचा दावीद राजा*
*रूथ आमची पणजी त्याची, वाजवा गं दारी बाजा*

(वहाण देणं म्हणजे त्या काळी व्यवहार पक्का करणं.) एस्तेरच्या कानावर पडलेले दोन्ही तुकडे तिथे जसेच्या तसे होते. मिल्का रडत होती. मीही रडले असते, पण फिलोमिना अजून गातच होती:

*दाविदाच्या घराण्यात मरियेचा बाळ आला*
*गाईगुरांच्या गोठ्यामंदी उजेड गो झाला*

मी मिल्काकडे बघितलं, मिल्काने माझ्याकडे. फिलोमिना हसायला लागली. "हा आमचा! तुजी सासू दावीदपर्यंतच म्हनायची. पुढचं माझ्या आयने जोडलं. बायबलात वंशावळीत रूथ हाय ना, तिथून. तुमाला नको तर नका घेऊ, हितंच राहू दे."

मी तिला विचारलं, आता हे कोणाला येतं? "कोनाला म्हनजे? उंबराच्या पान्याला आमच्या सगल्या पोरी म्हनतात. माझ्या सुना, भाच्या, वर्सोव्याच्या पन."

बाळांनो, तो दिवस मी आठवणीत ठेवीन तो यासाठी. ज्या गाण्यासाठी मी दोन म्हाताऱ्या शोधत फिरले ते गावठाणातल्या मुली दर लग्नाला गात होत्या. आपण पणजीला मेंदीत गाऊ दिलं नाही, म्हणून ते आपल्याकडून गेलं, आणि तिला कोणी अडवलं नाही अशा घरी जाऊन राहिलं.

फिलोमिनाने तिचं मराठी बायबल आणलं. त्यात रूथचं पुस्तक शास्ते या पुस्तकाच्या लगेच नंतर आहे. आपल्याकडे ते कतुवीममध्ये, शेवटच्या गठ्ठ्यात. मी तिला मक्काबींची, म्हणजे देवळासाठी लढलेल्या त्या भावांची, पानं काढून दाखवली. दानिएल, तू हनुक्काच्या सणाला ज्या मक्काबींचं नाटक करतोस त्यांचं पुस्तक तनाखमध्ये, म्हणजे आपल्या धर्मग्रंथात, नाही. तोरा, म्हणजे पहिली पाच पुस्तकं, आधी पक्की झाली, मग संदेष्ट्यांची पुस्तकं, आणि उरलेल्यांतलं कुठलं आत आणि कुठलं बाहेर यावर धर्मपंडितांचे वाद चालत राहिले. मक्काबी बाहेर राहिले. पण ग्रीकमध्ये ते होतेच, आणि ते ख्रिस्ती लोकांनी जपले. आपल्या घरातलं पुस्तक शेजारच्या फळीवर राहिलं म्हणून वाचलं.

"म्हनजे ह्ये तुमचं?" फिलोमिनाने विचारलं.

"आमचंच. तुम्ही सांभाळलंत."

"मग न्यायचं तर वाचून जा. पुस्तक नाय देनार!"

मुलुंड, रविवार

पूर्वी काही नवस पुरा झाला की पणजी मलिदा करायची, म्हणून मीही केला. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, ताटात पाच फळं, मध्ये गुलाब आणि सब्जाची पानं. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन तो आपण वाटतो, तुमच्या शेजाऱ्यांना मलिद्याची ओळखही नसेल.

मी दोघी बहिणींना बोलावलं, आणि दुसरीही येणार हे प्रत्येकीला सांगूनच बोलावलं. मिल्का म्हणत होती, "सांगू नकोस, वाट लागेल." पण मला लपवाछपवी जमत नाही. हन्नाताई म्हणाल्या, "येईन. तिच्याशी बोलणार नाही." एस्तेर म्हणाली, "मीही." फिलोमिनाला टॅक्सी पाठवली. एस्तेरने मला मालाडला जे सांगितलं ते मी हन्नाताईंना फोनवर सांगितलं नाही. ते तिचं होतं, तिने सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं.

जेवणं झाली. बाकी सगळं मी लिहून घेतलं होतं, पण त्या एका ओळीच्या जागी मी मोकळी जागा सोडली होती. फोन मांडला, घरातले पंखे बंद केले. फिलोमिनाने सुरू केलं, बाकीच्या मागून म्हणायला लागल्या. थोरल्या सुनेपाशी हन्नाताईंनी हात वर केला.

"थांब. हे तुला एस्तेरने शिकवलं ना?"

"एस्तेरने?" फिलोमिनाला नवल वाटलं. "ती कुठं गो? ती विहिरीमागं रडत होती. तुझ्या मावशीने म्हटलं, माझ्या लग्नात. मी नवरी, मी समोर उभी."

हन्नाताईंना दिसत नाही, तरी त्या एस्तेर बसली होती त्या बाजूला वळल्या.

"मावशीने? स्वतः?"

"हो," एस्तेर म्हणाली.

"मग मला सांगायचं ना!"

"तू विचारलंस कधी?"

हन्नाताईंची बोटं मांडीवरच्या पदराची घडी घालत होती, सोडत होती, पुन्हा घालत होती. "तो मारायचा का गं तुला?" त्यांनी विचारलं. एस्तेर उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

मग हन्नाताई म्हणाल्या, "पण मलाही मावशीनेच शिकवलंय. मी काही मनाने जोडलं नाही."

"नाही जोडलं," मी म्हटलं. "दोन्ही त्यांचंच आहे."

"मग लिही. आधी माझी ओळ, मग हिची. थोरली मी आहे."

मिल्का फिस्सकन हसली, आणि मग सगळ्याच. गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. आपली ओळ हन्नाताईंनी म्हटली, अगदी स्वच्छ, आणि एस्तेरच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हं, आता तू." एस्तेरने तिची म्हटली. दोघींनी मिळून पुढे खळं ओलांडलं, आणि या वेळी कोणाला पोहे भिजवायला पाठवलं नाही.

दावीदपाशी आल्यावर फिलोमिनाने तोंडावर हात धरला आणि पुढची ओळ गिळून टाकली. मी ती लिहिली नाही. फिलोमिनाच्या घरी ती आहे, तिथे ती सुखात आहे. आपली हद्द कुठे हे मला ठरवावं लागलं, आणि ठरवताना मला तुझ्या सरांची ती नाव माहीत नसलेली जुनी माणसं फार जवळची वाटली. दानिएल, खरं कुठलं असं तू विचारलंस. मी एवढंच सांगू शकते की ज्यांनी हे एकत्र केलं त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, त्यांना कोणाला गमवायचं नव्हतं.

रेकॉर्डिंग सोबत पाठवते आहे. या वेळी कुकर नाही.

गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत पूर्ण आहे. थोरल्या सुनेच्या जागी दोन ओळी आहेत, दोन्ही तुमच्या पणजीच्या. आपलं गाणं दावीदपाशी संपतं, मरोळचं त्यापुढे जातं. घाटकोपर, मालाड, मरोळ, वर्सोवा आणि मुलुंड या पाच ठिकाणी आज ते येतं.

तुमची,
आजी